रोटर

एकोणीस वर्षांनी ताडपत्री ओढली
तेव्हा आधी एक मुंगूस निघालं,
नोटीस मिळालेल्या भाडेकरूसारखं, वैतागून.
मग वास : उंदीर, रबर, आंबलेलं ग्रीस.
आणि मग ती जीप,
चारी टायर फरशीला चिकटलेले,
बसलेली म्हैस उठायला नको म्हणते तशी.

नानांनी ती झाशीच्या फौजी लिलावात घेतली होती,
अडुसष्ट साली, अठराशे रुपयांना.
स्टिअरिंग डावीकडे.
म्हणजे पुढच्या ट्रकच्या पलीकडचं
चालवणाऱ्याला दिसत नाही,
उजवीकडे बसेल त्याने सांगायचं.
मोजणी खात्याच्या साखळ्या मागे खणखणत असायच्या,
घाटीगाव, मोहना, तिघऱ्याचा बांध,
आणि सुट्टीच्या दिवशी उजवीकडे आई,
पदर दातांत धरून, मान बाहेर काढून :
"जा." "थांबा." "थांबा म्हणते ना!"
आम्ही मागे, साखळ्यांवर.

मग एका वर्षी ती सुरूच होईना.
नाना पाहुण्यांना सांगत, पार्ट मिळत नाही हो,
ग्वाल्हेरात कुणाकडेच नाही.
दर रविवारी मात्र पुसायचे,
आत बसायचे थोडा वेळ, उतरायचे.
दोनदा अख्खं इंजिन स्वतः उतरवलेला माणूस
एका पार्टसाठी हरला,
याचं आम्हाला तेव्हा नवल वाटलं नाही.
आपापल्या परीक्षा होत्या.

हरविलास मिस्त्री कंपूहून आला,
बोनेटवर कान ठेवला, म्हणाला, "जान है अभी."
प्लगच्या भोकांतून डिझेल ओतून
पिस्टन मुरायला ठेवले, लोणच्यासारखे.
टाकीतून निघालं ते पेट्रोल नव्हतं, वार्निश होतं.
ब्रेकचे सिलिंडर गेलेले, वायरिंग उंदरांनी सोललेलं.
आठव्या दिवशी हँडल एक वेढा फिरलं
आणि मी उगाचच टाळ्या वाजवल्या.

नवव्या दिवशी त्याने डिस्ट्रिब्यूटरची टोपी काढली.
"बाई, इथला रोटर कुठाय?"
अंगठ्याच्या पेराएवढी वस्तू.
ती नसली की कुठे जायचं ते ठिणगीला कळत नाही.
"पडला तर नाही. काढलाय कुणीतरी."

आई दारात उभी होती, तांदूळ निवडायचं ताट घेऊन.
ताट खाली ठेवलं. आत गेली.
मुरैन्याच्या गजकाचा पत्र्याचा डबा आणला,
ज्यात तिची बटणं, हूक, सुयांची पाकिटं.
तळातून काढून त्याच्या तळव्यावर ठेवला.

"त्यांना कडेचं दिसेनासं झालं होतं," ती म्हणाली,
माझ्याकडे न बघता.
"तिघऱ्याच्या वाटेवर पोरगं सायकलवर होतं.
मी ओरडले म्हणून.
डॉक्टर सांगून थकला. ते ऐकतायत कसले."

हरविलास रोटर फुंकून पुसत होता.
मग थांबला.
"पर माताजी, ये कपड़ा भी आपने लपेटा था?"

रिकाम्या दांड्याला एक चिंधी गुंडाळलेली,
ग्रीसमध्ये भिजवून, नीट, सर्जनने बांधावी तशी,
दमट हवा लागू नये म्हणून.
निळ्या रेघांची.

आईने ती दोन बोटांत धरली.
"हा त्यांचा लेंगा आहे," ती म्हणाली.
मग बराच वेळाने,
"मी नाही हे केलं."

कुणी काही बोललं नाही.
मुंगूस भिंतीवरून बघून गेलं.

चौथ्या दाबाला इंजिन खोकलं,
निळा धूर काढला, थरथरलं, लागलं.
हरविलास पैसे न घेताच चहाला गेला.
आईने चिंधी डब्यात ठेवली,
झाकण दोनदा दाबलं,
आणि डबा मांडीवर घेऊन
उजवीकडे चढून बसली.

फाटकाशी मी क्लच दाबून थांबलेय.
बाहेर सिमेंटचा ट्रक उभा आहे, पलीकडचं दिसत नाही.
एक टेंपो गेला. दूधवाला गेला.
मग आवाज नाही कसलाच.
आई मान बाहेर काढून बघतेय,
अजून काही म्हणत नाहीये.